आधी पट्टी, मग परवानगी

"होल्ड पोझिशन. कॅन्सल टेकऑफ."

हे मी बोललो तेव्हा उडणारं विमान सुदैवानं अजून जागेवर होतं. त्याच रनवेवर, बरंच पुढे, दुसरं विमान रनवे ओलांडत होतं. दोघांनाही परवानगी मीच दिली होती.

मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर. तेव्हा ज्या विमानतळावर होतो, तिथे दोन समांतर रनवे आहेत. बाहेरच्यावर विमानं उतरतात, टर्मिनलजवळच्यावरून उडतात. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात, म्हणून वेळ वाचतो. पण उतरलेल्या विमानाला टर्मिनलकडे यायला उडण्याचा रनवे ओलांडावा लागतो. तशी परवानगी दिली की समोरच्या फळीवर लाल पट्टी ठेवायची. ती उचलेपर्यंत टेकऑफ नाही. त्या दुपारी परवानगी दिली, मध्येच तिसऱ्या पायलटनं काही विचारलं, आणि पट्टी माझ्या हातातच राहिली. फळी मोकळी पाहून मी टेकऑफलाही परवानगी दिली.

इन्चार्ज मॅडमना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "विमान हललंसुद्धा नाही. कोणाची तक्रार नाही. लिहून दिलंत तर रेटिंग जाऊ शकतं, माहीत आहे ना?"

रेटिंग म्हणजे तो टॉवर सांभाळायचा परवाना. मला माहीत होतं. दोन दिवसांची रजा घेऊन मी पुणतांब्याला, घरी गेलो. वडील, आमचे अण्णा, कालव्यावर पाटकरी होते. लोखंडी दाराचं चाक फिरवून चाऱ्यांना, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटांना, पाणी सोडायचं काम. त्यांना सगळं सांगितलं.

"चारीत गाळ काढाया उतरायचो, तवा दाराच्या चाकाला माजा रुमाल बांधायचो," अण्णा म्हणाले. "साहेब आला तरी दार उघडायचं न्हाई. ज्याचा रुमाल, त्यानंच सोडायचा. तुमच्यात असं काय न्हाई व्हय?"

"आहे."

"मंग बांधला का न्हाई?"

"आधी बोललो. नंतर बांधणार होतो."

"आमी आधी बांधायचो," ते म्हणाले आणि चहा ओतू लागले.

परत जाऊन मी रिपोर्ट लिहिला. ड्यूटीवरून उतरवलं गेलं. चौकशीत विचारलं, "हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?" मी अण्णांचा रुमाल सांगितला. पट्टी आधी ठेवायची, परवानगी नंतर द्यायची. ज्यानं ठेवली त्यानंच, विमान पलीकडे गेलेलं डोळ्यांनी पाहून उचलायची. एकजण हसला. मॅडम लिहून घेत होत्या.

पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा परीक्षा. रेटिंग परत मिळालं. पहिल्या ड्यूटीला गेलो, तर फळीवर छापील सूचना लावलेली: आधी पट्टी, मग परवानगी. मी ती तीन वेळा वाचली.

अण्णांना फोन केला. "त्यात काय," ते म्हणाले. "आमी जन्मभर तेच केलं." पण संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाला कळलं होतं.

ती दुपार अजून आठवते. आठवावीच. शिकलो ते एवढंच: तोंड सवयीनं चालतं, म्हणून त्याच्या आधी हात चालवावा.