खणाच्या वरची काळी रेघ

लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये आमच्या यांना एकोणिसाव्या शतकातल्या फर्निचरच्या आराखड्यांचं पुस्तक मिळालं आणि त्या हिवाळ्यापुरते हे बेसमेंटमध्येच राहायला गेले. डेट्रॉइटला मोटारींचे सुटे भाग डिझाइन करणारे इंजिनिअर, त्यांना त्यातलं एक लिहायचं टेबल बनवणं ते काय!

शाईने काढलेलं, हाताने छटा दिलेलं ते चित्र इतकं देखणं होतं, की मी नुसती बघत राहिले. यांना मात्र त्यात चुकाच दिसल्या. मापं अपुरी, खणाच्या वर जाड काळी रेघ. "ही सावली कशाला? स्लॉपी काम आहे," म्हणत यांनी सगळं नव्याने ड्रॉ केलं, केसाच्या जाडीपर्यंत मापं घालून. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराच्या चुका काढायला हिंमत लागते. ती आमच्याकडे भरपूर.

खरी गोष्ट वेगळीच होती. उन्हाळ्यात मामंजी पुण्याहून महिनाभर येणार होते. शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, पण मुलाच्या एकाही कामाला त्यांनी कधी 'बरं आहे' म्हटलं नव्हतं. चाळिशीला आलेला माणूस त्या दोन शब्दांसाठी रंधा मारत होता. मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

मामंजी आले. टेबलाभोवती एक फेरी मारून "हं" म्हणाले आणि चहा मागितला. तरीही यांनी मोठ्या दिमाखात मामंजींचा पासपोर्ट आणि तिकीट त्या खणात ठेवलं.

जुलैच्या दमट हवेत लाकूड फुगलं. परतीच्या आदल्या दिवशी खण हलेचना. साबण चोळला, हेअर ड्रायर फिरवला, आम्ही दोघांनी मिळून ओढलं. मागची फळीही यांनी सरसाने कायमची चिकटवलेली. मामंजींनी शांतपणे पुस्तक उघडून त्या काळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही सावली नाही रे. लाकडाला फुगायला ठेवलेली फट आहे. त्याने दाखवली, तू खोडलीस."

यांचा चेहरा पार उतरला. हे पटाशी आणि हातोडी घेऊन आले. पटाशी खणावर टेकवली, तोच मामंजींनी यांचं मनगट धरलं.

"फोडू नकोस. सांधे बघ किती नेटके बसलेत."

"बाबा, उद्या फ्लाइट आहे. पासपोर्ट आत आहे."

"मग कॅन्सल कर. हवा कोरडी होईपर्यंत राहतो मी."

हे पटाशी खाली ठेवून त्या सांध्यांवरून बोट फिरवत बसले. एअरलाइनला फोन मीच केला.