दसऱ्याचं सोनं आणि विलायतेचा पंतप्रधान

ये गं, अशी जवळ ये. दारातल्या खुर्चीवर पाहुण्यासारखी काय बसतेस? आणि भिंतीवरच्या तसबिरीतल्या त्या पांढऱ्या कल्लेवाल्याला ‘हा कोण म्हातारा’ म्हणालीस, ते तुझ्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ऐकायला हवं होतं!

तो विलायतेचा पंतप्रधान. चारदा झाला. सासरे बडोदा संस्थानातल्या कारभाऱ्यांच्या घराण्यातले. आपल्या घरात बापाची खुर्ची मुलाला मिळत आलेली. पण सासऱ्यांना वेड या माणसाचं. पेन्शनीत आल्यावर रोज संध्याकाळी त्याचं इंग्रजी चरित्र काढून मला मराठीत सांगायचे. मी खंडेराव मार्केटातून आणलेली वालपापडी सोलत ऐकायची. माझी शाळा चौथीपर्यंत, पण त्याची सगळी कारकीर्द मला तोंडपाठ. गोरगरिबांच्या पोरांना शाळा, मत गुपचूप द्यायची सोय, आणि सरकारी नोकरी वशिल्यानं नाही, परीक्षेनं. रिकामा वेळ मिळाला की कुऱ्हाड घेऊन झाडं तोडायचा.

“झाडं कशाला हो, मामंजी?”

“डोकं हलकं करायला, सूनबाई.”

“मग आपल्याकडे धुणं बडवायला या म्हणावं.”

तुझा बाबा तेव्हा बी.कॉम. होऊन घरी बसला होता. देशाचा बाजार खुला होण्याचे दिवस. लहरीपुऱ्याच्या बाजारात रोज नवा साबण, टीव्हीवर नवं चॅनेल, आणि सरकारी भरती तेवढी आटत चाललेली. मला एकच हवं होतं, पोरानं बडोद्यात राहावं. सासऱ्यांच्या हाताखाली तयार झालेला एक माणूस मोठा साहेब झाला होता. आपल्याकडची रीत अशी, की दसऱ्याला अशांच्या घरी सोनं द्यायला जायचं, आपट्याची पानं हातावर ठेवायची आणि बोलता बोलता मुलाचं नाव कानावर घालायचं. त्याला कुणी वशिला म्हणत नाही. सोनं द्यायला आलो होतो, एवढंच.

मी सांगितलं आणि सासरे चक्क तयार झाले. काळी टोपी घातली, नातवाला घेऊन निघाले. पुढचं बाबानं सांगितलेलं.

साहेब गुजराती. उठून उभे राहिले, बसवलं, चहा विचारला. “आवो काका, बेसो. चा पीशो ने?”

तिथं आणखी तिघं बसलेले. तिघांच्या हातात पानं, तिघांच्या शेजारी एकेक पोरगा. सासऱ्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, टोपी नीट केली आणि सुरू झाले, “विलायतेत एक पंतप्रधान होऊन गेला...”

चहा निवला. नोकरीच्या परीक्षेपर्यंत गोष्ट आली तशी साहेबांची नजर जाजमावर गेली. संपल्यावर ते तिघं नुसती पानं देऊन उठले. मुलाचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. सासऱ्यांनीही काढलं नाही.

“आजोबा, आपण कशाला आलो होतो?” बाबानं रस्त्यात विचारलं.

“सोनं द्यायला.”

मी त्या दिवशी बासुंदी वाढली, पण वाटी आपटूनच.

पुढे बाबाला नाशिकच्या कारखान्यात नोकरी लागली. सासरे खूश. “पाहिलंस? गुणांवर मिळाली!”

“गुण कसले, आजोबा? कधीपासून येतोस, एवढंच विचारलं.”

बाबा नाशिकला गेला त्या संध्याकाळी चरित्रात आयर्लंडला स्वराज्य देण्याचं प्रकरण होतं. म्हातारा हरला, पक्ष फुटला, तरी ऐंशी उलटल्यावर पुन्हा पंतप्रधान झाला. मी पापडी सोलत विचारलं, “मामंजी, म्हातारपणी मुलं जवळ होती का हो त्याच्या?”

“होती,” ते म्हणाले. चष्मा काढला. पुस्तक मिटून फळीवर ठेवलं.

बाबा अजून येतो तो परतीचं तिकीट खिशात घालून. तूही त्याचीच लेक, आल्यापासून तीनदा घड्याळ पाहिलंस. जा हो, गाडी चुकेल. पण दसऱ्याला ये. पानं मी आणून ठेवीन. कुणा साहेबाकडे जायचं नाही, माझ्याच हातावर ठेव. आणि दसरा लांब वाटला, तर त्याच्या आधीच ये.