वाक्य संपू द्या

आमच्या शेजारच्या काकू मूळच्या गव्हाण गावच्या. समोर राहायला आलेल्या तमिळ मुलीला त्यांनी मटार सोलता सोलता मराठी शिकवलं. आधी तिच्याकडून तमिळ वाक्यं ऐकली आणि म्हणाल्या, "तुमच्यात पन 'गेलं', 'आलं' वाक्याच्या शेवटीच येतं. मग मांडनी तुजीच ठेव, शब्द आमचे घाल." ती अडली तरी काकू मधे बोलायच्या नाहीत; शेंग हातात धरून थांबायच्या.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती पाण्याबद्दल मराठीत बोलायला उठली आणि अडखळली.

"इंग्लिशमध्ये बोला, मॅडम," सेक्रेटरी म्हणाले.

"थांबा!" काकू कडाडल्या. "तिचं वाक्य संपलं नाय अजून."

तिने सावकाश वाक्य पुरं केलं.

काकू माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? माजी शेजारीन हाय ती."