कमेंटमध्ये भरलेला अर्ज

"ताई, त्या कमेंट्सना हात लावायचा नाही," कुणाल म्हणाला. "डिलीट नाही, रिप्लाय पण नाही. पेज त्याच्यावरच चाललंय."

कुणाल माझा बॉस. वयाने माझ्याहून बराच लहान. काम अडलं की मी ताई, एरवी मॅडम. आमची कंपनी घरांच्या जाहिरातींची वेबसाइट चालवते. ऑफिस परळला, एका बंद गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये. मी तिथे मराठी ब्लॉग लिहिते. आधी पेपरात होते, त्यांनी नारळ दिला म्हणून इकडे आले.

ब्लॉगचं काम सांगायला सोपं. लोक काय शोधतात ते बघायचं, त्यावर लेख लिहायचा, आणि माणूस आला की त्याला उठू द्यायचं नाही. तो पानावर किती वेळ थांबला, याला टाइम ऑन पेज म्हणतात. तो जितका जास्त, तितकी शेजारची जाहिरात महाग.

आमचा सगळ्यात चालणारा लेख होता, बंद गिरण्यांच्या कामगारांना सरकार सोडतीने देतं त्या घरांवरचा. 'गिरणी कामगारांसाठी मोठी अपडेट!' अपडेट कसली, कप्पाळ! दर सोमवारी मी तारीख बदलायची आणि दोन वाक्यं इकडची तिकडे करायची. ताजी तारीख असली की पान शोधात वर येतं.

"अरे, नवीन काही नसताना अपडेट कसलं?" मी एकदा विचारलं होतं.

"तारीख नवीन आहे ना," कुणाल म्हणाला.

लेखाच्या शेवटची ओळही त्याचीच. 'तुमचा नंबर आला का? खाली कमेंटमध्ये सांगा.' प्रश्न विचारला की वाचक बोलता होतो, असं हे शास्त्र.

वाचक बोलते झाले. पण कसे? नाव, गिरणी, खातं, हजेरीचा तिकीट नंबर, कामगार मयत असल्यास वारसाचं नाव. लोकांना वाटलं, हीच कचेरी! वर 'गिरणी कामगार घर' लिहिलेलं, खाली लिहायला चौकोन, त्याखाली 'सबमिट'. दाबलं की 'धन्यवाद, आपली नोंद झाली आहे' असं यायचं. ते वाक्य मशीन सगळ्यांनाच देतं. शिव्या लिहिल्या तरी देतं.

मी प्रत्येक कमेंटखाली लिहायला लागले, 'ही सरकारी साइट नाही. चौकशी सरकारी कचेरीत करा.' ते कुणालने पाहिलं आणि मला बोलावून घेतलं.

"माणसं फसतायत रे," मी म्हटलं.

"आपण कुठे फसवलं? आपण फक्त प्रश्न विचारला."

"मग निदान वर एक ओळ टाकू दे."

"पहिल्याच ओळीत कळलं तर थांबेल कोण? डायरेक्ट बॅक मारणार."

त्याने माझे सगळे रिप्लाय उडवले. मी जागेवर येऊन बसले.

त्या कमेंट्समध्ये एक बाई होती, सुभद्रा जाधव. फोनवर बोलून टाइप करायची, त्यामुळे कुठे थांबणं नाही. 'जय भीम साहेब मी सुभद्रा जाधव बोलते माझे मालक त्रासन खात्यात होते वारले आमचा नंबर कधी ते कळवा'. त्रासन म्हणजे सूत कातायचं खातं. खाली लालबागच्या चाळीचा पत्ता. सोमवारी मी तारीख बदलली की मंगळवारी तिची कमेंट यायचीच.

मग सरकारने खरोखर कागद मागवले. मुदत दिली. ती संपली त्या संध्याकाळी तिची कमेंट आली. 'आमच्या चाळीतले सगळे रांगेत जाऊन कागद देऊन आले मी नाही गेले माझं तुमच्याकडे दिलेलं आहे'.

दुसऱ्या दिवशी मी सरळ लालबागला गेले.

गॅलरीत उभ्या असलेल्या शेजारणीने घर दाखवलं. मी वेबसाइटचं नाव सांगितलं तशी सुभद्रामावशींनी खुर्ची पुसली, मला बसवलं आणि कागदांची पिशवी पुढे केली.

"सगळं हाय बघा, मॅडम. मालकांचा मृत्यूचा दाखला पण हाय."

"मावशी, मी सरकारची माणूस नाही. जाहिरातीच्या कंपनीत लिहिते."

"मग आमचं लिहिलेलं कोण वाचतं?"

"मी वाचते."

"मग झालं तर! वाचलंत ना तुम्ही?"

"वाचून उपयोग नाही हो. कागद तिकडे द्यायचे होते. मुदत काल संपली."

"पण नोंद झाली म्हणून आलं होतं की."

"ते मशीन सगळ्यांनाच म्हणतं."

त्या खाली बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. वर बघून म्हणाल्या, "मग दर सोमवारी तारीख कशाला बदलता ओ?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी त्यांना घेऊन कचेरीत गेले. तिथला क्लार्क बरा होता, नीट बोलला. पण सिस्टिम आता घेतच नव्हती. मुदतवाढ आली तर या, म्हणाला. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "शेजारीण म्हणत होती, रांगेत चल. मीच शहाणी, घरी बसले." त्यावर मला रडू आलं. त्यांना नाही आलं.

मी कोणालाही न विचारता लेख बदलला. पहिलीच ओळ, 'इथे लिहून अर्ज होत नाही.' खाली खऱ्या कचेरीचा पत्ता. बस्स. लोक यायचे, वाचायचे, निघून जायचे. टाइम ऑन पेज पार झोपला. इतकी वर्षं लिहितेय, याहून चांगला लेख माझ्या हातून झालेला नाही. संध्याकाळपर्यंत कुणालने जुना परत चढवला, वर नवं हेडिंग लावून. 'मुदत वाढणार? मोठी अपडेट!'

दोन दिवसांनी त्याखाली मावशींच्या शेजारणीची कमेंट आली. 'जाधवबाईंकडे तुमच्या मॅडम स्वतः घरी आल्या ऑफिसात घेऊन गेल्या इथे लिहिलं की माणूस येतो आमचं पण घ्या'. त्याखाली अख्खी चाळ. मग काळाचौकी, नायगाव, शिवडी. मी रिप्लाय टाकायचे, कुणाल उडवायचा. शेवटी त्याने त्या पानाचा पासवर्डच बदलला.

"ताई, केलंस काय तू?" तो टेबलावरूनच ओरडला. "कमेंट्स बघ, एंगेजमेंट बघ! भन्नाट!"

मी राजीनामा दिला नाही. घराचे हप्ते मलाही आहेत.

वाचक धरून कसा ठेवायचा, असं मला आता नवीन लोक विचारतात. मी खरं ते सांगते. त्याला उत्तर देऊ नका. उत्तर मिळालं की माणूस उठून आपल्या कामाला लागतो, नाही मिळालं की बसून राहतो. त्या पानावर माणसं अजून बसून आहेत. सुभद्रामावशी तेवढ्या परत आल्या नाहीत. आमच्या रिपोर्टमध्ये अशा वाचकाला 'गमावलेला' म्हणतात.