नैवेद्यात दोनदा पडलेलं मीठ

चैत्र नवरात्राची अष्टमी. आईने केलेल्या नैवेद्याच्या भाजीत मीठ दुप्पट. पानावर आम्ही चौघं: आई, मी, पत्नी आणि मुलगी. पहिल्या घासालाच सगळ्यांचे हात पाण्याकडे गेले. आईनेही घास घेतला आणि म्हणाली, "अगं बाई, दोनदा पडलं! देवीले एक तांब्या पाणी जास्त ठेवा आज." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

आमच्याकडे देवीला दाखवल्याशिवाय नैवेद्य चाखत नाहीत, त्यामुळे मीठ आठवणीवरच पडतं. त्या आठवणीचीच मला भीती होती. नागपूरची मोठी मावशी स्मृतिभ्रंशाने शेवटी स्वतःच्या मुलांना ओळखेनाशी झाली होती. इकडे आईला चौऱ्याहत्तरावं चालू. तिचं चष्मा शोधणं, शेजारणीचं नाव ओठावर अडणं, सगळं मी मनात जमा करत होतो. हिशेबाच्या नोकरीत आयुष्य गेल्यावर बेरजेची सवय सुटत नाही. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक मी पत्नीकडे दिला. आई दिवसभर गप्प राहू लागली. ते गप्प राहणंही मी बेरजेत धरलं.

शुक्रवारी तिला आमच्या सेक्टरमधल्या देवीच्या देवळात नेलं. हात जोडून एवढंच विचारलं, हे वय आहे की आजार? मला ठरवता येत नाही, तूच सांग.

बाहेर आलो तर आई पायरीवर एका अनोळखी बाईंना मिठाची गोष्ट रंगवून सांगत होती. "अन् पोरानं माही रसोईच बंद केली!" बाई कारण विचारायला माझ्याकडे वळल्या. "कावून, भाऊ?" मी मनातली भीती सांगितली.

"माहे मालक त्याच आजारानं गेले," त्या म्हणाल्या. "बाजारातून घरी यायचा रोजचा रस्ता भुलत. जेवून उठले की विचारत, जेवण कधी? चहा मांडताना मधातच थांबत, पुढचं सुचे नाही. अन् म्हणत, मले काही नाही झालं, तुम्हीच येडे! तुमच्या आईले आपली चूक ठाऊक आहे, वरून हसून राहिली. पण माह्या बोलण्यावर नका राहू, डॉक्टरले दाखवा."

मी विचारलं, "तुम्हाला घरी सोडू का? तुमच्यासाठी काय करू?"

"माह्यासाठी काय करता? आईले तिची रसोई द्या," म्हणत त्या निघूनही गेल्या. नाव विचारायचं राहिलंच. आई म्हणाली, "आता तुलेच दाखवू का डॉक्टरले?"

डॉक्टरांनी तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द आठवायला लावले, आमच्याकडून घरचं विचारून घेतलं, रक्त तपासलं. म्हणाले, "सध्या वयाचं विसरणं दिसतं. बी-बारा कमी आहे, गोळ्या घ्या. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. नाव उशिरा आठवलं तर घाबरू नका. रोजची कामं अडली, ओळखीचा रस्ता चुकला, स्वभाव पालटला, तर मात्र लगेच या."

त्या बाई नेहमीच तिथे येत असतील, कोण जाणे. मी देवीला विचारलं होतं, मला उत्तर मिळालं. सहा महिन्यांनी काय निघेल ते देवीच्या पायाशी ठेवलं आहे. आईला वेळेवर दाखवायला नेणं तेवढं माझ्याकडे.

डॉक्टरांची फी काउंटरवर भरली. पत्नीने देवीची ओटी भरली. स्वयंपाकघर आईला परत दिलं. पदर खोचून ती आत शिरली आणि मला म्हणाली, "सरक, मधात नको उभा राहू."