ठकूबाईंचं म्हणणं

ठकूबाई वहाणा दाराबाहेर काढत नसत. दोन्ही हातात घेऊन एक्स-रेच्या खोलीत येत आणि माझ्या टेबलावरच्या कागदांवर उलट्या मांडत. "बग भाऊ, तळ बग." उजव्या वहाणेचा चवडा झिजलेला, टाच मात्र नवीकोरी. "टाच टेकतच न्हाई. पाय आखूड झालाय. आतलं लोखंड खाली सरकलंय."

डिंगोऱ्याच्या या धनगर बाईंच्या उजव्या खुब्यात कृत्रिम सांधा बसवला होता. मांडीच्या हाडात ठोकलेला त्याचा दांडा जागेवर आहे की खाली उतरतोय, हे दर सहा महिन्यांनी फोटो काढून मोजायचं आणि डॉक्टरांना आकडा लिहून द्यायचा, हे माझं काम.

मोजायची एक रीत असते. मांडीशेजारी, हाडाच्या उंचीवर, एक पोलादी गोळी चिकटवायची. गोळीचं खरं माप ठाऊक असतं, त्यावरून फोटो किती मोठा आलाय ते कळतं. पाऊल दर वेळी तितकंच आत वळवायचं. आणि ठकूबाई तर टेबलावरही पाय हलवत राहायच्या. "आडवं पडायला म्या काय मेलेय का?" घरच्या पंधरा मेंढ्यांमागे हिंडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

तो बाजाराचा दिवस होता. बाहेर रांग, आणि गोळी सापडेना. मी तिच्याशिवायच फोटो काढला. पडद्यावर दांडा खाली उतरलेला दिसत होता, चांगला पाच मिलिमीटर. गोळी नाही, पाऊलही हललं असेल, म्हणून तसं दिसतंय, अशी मी मनाची समजूत घातली. गोळी शोधून पुन्हा फोटो काढायला दहा मिनिटं लागली असती. मी मागच्या वेळचा आकडा उतरवला आणि लिहिलं : बदल नाही.

"मावशी, मशीन खोटं बोलत नाही," असं वर ऐकवलंही.

"मशीन कशाला खोटं बोलंल? त्याला काय सोयरं सांबाळायचं हाय?" वहाणा उचलत त्या म्हणाल्या. "तू नीट बगितलंस न्हवं?"

"बघितलं."

डॉक्टरांनी आकडा वाचला आणि हिंडायची मोकळीक दिली.

दीड महिन्यानं बांधावर मेंढी वळवताना त्या पडल्या. सैल दांड्याभोवतीचं हाड उभं फुटलं. पुण्यात दुसरं ऑपरेशन झालं, पण वॉकर काही सुटला नाही. मुलानं, बबननं, मेंढ्या विकून टाकल्या. मला कुणी काही विचारलं नाही. रिपोर्ट चांगलाच होता ना! मी मात्र इतरांचे फोटो चारचारदा मोजू लागलो. मोजून झाले की पुन्हा उघडायचो.

शेवटी एका रविवारी डिंगोऱ्याला गेलो. ठकूबाई ओट्यावर बसल्या होत्या, हात सारखा वॉकरच्या दांडीवर फिरत होता. मी सगळं सांगितलं.

"तरी म्या म्हनत व्हते," त्या म्हणाल्या. "आता ह्ये माज्या बबनला सांग. रोज म्हनतो, रिपोर्ट चांगला असून तुज्या हट्टानं पाय घालवलास. सून बी त्येच म्हनती. पायाचं जाऊ दे. म्या येडी न्हवते, येवढं सांग."

तेवढ्यात शेतातून बबन आला. "आरं, फोटोवालं पावणं! इकडं कसं काय?"

ठकूबाई माझ्याकडे पाहत होत्या.

"ओतूरला चाललो होतो," मी म्हणालो. "म्हटलं, मावशींना बघून जावं."

"बरं केलं राव. सांगा जरा हिला, आता तरी एका जागी बस म्हनावं. लई वळवळ हाय."

मी हसलो. ठकूबाईंनी नजर काढून घेतली. "पावण्याला च्या टाका," त्या आत बघून म्हणाल्या. तो चहा मी प्यालो.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. दहाव्याला बबनशेजारी उभा राहिलो, तेव्हाही तोंड उघडलं नाही.

बबन, हे लिहिलेलं इतर कुणाला दाखवण्याआधी तुला पाठवतोय. तुझी आई हट्टानं पडली नाही. दांडा सरकला होता. तिला ते कळलं होतं, तिनं ते सांगितलं होतं, आणि मी ते पडद्यावर पाहिलं होतं.