खुंटीवरची ढोलकी आणि ओळीनं आलेली स्तोत्रं

दर आठवड्याला माणसं एका खोलीत जमली, की प्रार्थना वर जातात आणि किस्से खालीच राहतात. आमच्या भोसरीच्या मंडळात तर इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की दुसरा मागून बाही ओढतो!

आम्ही सगळे नगर-जालन्याकडून कंपन्यांत आलेले ख्रिस्ती. वीज मंडळानं ठरवून दिलेली औद्योगिक वसाहतीची सुट्टी गुरुवारी, म्हणून उपासनाही गुरुवारी, यशवंतमामांच्या भाड्याच्या खोलीत. मामा आमच्यातले वडीलधारे. एकदा त्यांच्या सासूबाई गावाहून आल्या. रविवारी सकाळी जावई डबा घेऊन निघालेला पाहून म्हणाल्या, "देवाचा वार सोडून कुठं निघालात?"

मामा म्हणाले, "आत्याबाई, इथं देवसुद्धा वीज मंडळाच्या टाइमटेबलनं येतो!"

*

मामांचा नियम असा: स्तोत्रसंहिता पहिल्यापासून ओळीनं, दर गुरुवारी एक स्तोत्र. ज्याची पाळी त्यानं वाचायचं, आणि त्यात सांगितलेलं आठवडाभर कंपनीत करून बघायचं. निवडायचं नाही, टाळायचं नाही.

पहिलंच स्तोत्र दाऊदला आलं. दाऊद लेथवरचा, जिभेचा तिखट. टवाळखोरांच्या बैठकीत बसू नये, असं त्यात आहे. पुढच्या गुरुवारी मामांनी विचारलं, "जमलं का रे?"

"जमलं, पण पाय दुखले! कँटीनमध्ये आठवडाभर उभ्यानं जेवलो. टवाळखोर नाहीत असं टेबलच नाही, राव!"

आतून मामी म्हणाल्या, "तू उठलास तेव्हा एक झालं असेल की!"

*

शांतवन पॉवर प्रेसवर होता आणि आमची ढोलकी त्याच्याकडे. तो रंगात आला, की शेजारचे रशीदचाचा भिंत ठोकायचे. चाचा मेकॅनिक, रात्रभर ट्रक दुरुस्त करून दिवसा झोपायचे.

शांतवन न थांबता ओरडायचा, "चाचा, जरा उशिरा ठोकलं! समेवर या की!"

*

एकशे एकोणिसावं स्तोत्र सगळ्यांत लांब. पाळी नेमकी दाऊदची. त्यानं मुद्दाम सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम घेतला. पुढच्या गुरुवारी येऊन बघतो, तर मामांनी तेच पान उघडून ठेवलेलं!

वाचता वाचता दोनदा चहा झाला. शेवटी घसा खाकरत म्हणाला, "मामा, सुपरवायझरला चुकवता येतं. ह्याला नाही!"

*

त्यानंतर प्रेसमध्ये शांतवनच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तो परत आला, पण दाराशी बसू लागला. ढोलकी त्यानंच खुंटीला टांगली. "उतरवायची न्हाई कुनी," एवढंच म्हणाला. तो एक दिवस यायचाही बंद होईल, ही मामांची धास्ती.

एका गुरुवारी चाचाच दारात उभे. "अरे भाई, हे काय चाललंय? भिंत ठोकल्याशिवाय आपल्याला नींदच येत नाही!"

शांतवन हसला नाही.

*

एकशे सदतिसावं स्तोत्र त्याच्या पाळीला आलं. मामांनी आदल्या दिवशीच पाहून ठेवलं असावं. म्हणाले, "आज मी वाचतो."

"न्हाई मामा. नियम हाय."

परमुलखात नेलेल्या लोकांनी वाद्यं झाडांना टांगली आणि गायला नकार दिला, इथवर तो सरळ वाचत गेला. पुढे शपथ आहे: यरुशलेमेला विसरलो, तर माझा उजवा हात आपलं कसब विसरो. तिथं तो थांबला. दाऊदसुद्धा खाली बघत होता.

शांतवननं हात उलटसुलट करून पाहिला. "कसब इसरला न्हाई, मामा. बोटंच न्हाईत." मग उरलेलं वाचून पुस्तक मिटलं.

"आता आठवडाभर ह्यानं करायचं काय?" दाऊदनं हळूच विचारलं.

मामा म्हणाले, "काही नाही. टांगलेली वाद्यंही देवाला दिसतात."

*

शेवटचं, दीडशेवं स्तोत्र मामांकडे आलं. त्यात एकेका वाद्यानं देवाची स्तुती करायला सांगितलंय. मामांनी मान वर केली नाही; पण डफापाशी त्यांचा आवाज जरा रेंगाळला.

शांतवन उठला. खुंटीवरची ढोलकी काढून त्यानं बाहीनं धूळ पुसली आणि ती उलटी फिरवून मांडीवर घेतली. बारीक आवाजाची बाजू डाव्या हाताला, घुमणारी उजव्या पंजाला. आम्ही गाणं धरलं. ठेका अडखळला, सुटला, परत अडखळला.

तेवढ्यात भिंतीवर धप्पकन आवाज आला.

आम्ही थांबलो. पुन्हा धप्प. तेवढंच थांबून पुन्हा.

शांतवन कान देऊन ऐकत राहिला. मग ढोलकी जवळ ओढत म्हणाला, "चाचा बरोबर हायत. मीच चुकतोय. घ्या पहिल्यापासनं!"